चौथं बोट

भातकुलीच्या पार्बताबाईंचा सूर्यभान जेवायला बसला की भाकरी तोंडाने मागत नसे. आईचा हात तिच्याच पदराखाली धरायचा, बोटं दाबायची आणि किती भाकरी हव्यात ते तिने त्यावरून ओळखायचं, असा त्याने घरात कायदा केला होता. "भूक लागली म्हणून बोंबलते तो बाजारात बुडते, माय," असं तो सांगे. पार्बताबाई बिचाऱ्या बोटं मोजून वाढत. सूर्यभानने चार मागितल्या की ताटात हटकून तीन पडत. एवढे पैसे येऊन राहिले आणि माय मात्र चिकट होत चालली, या दुःखात तो अर्धपोटी उठे.

हा सगळा खटाटोप एका लग्नासाठी होता.

ते दिवस कापसाचे होते. समुद्रापलीकडे कुठेतरी गोरे आपसात लढत होते, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून वऱ्हाडातल्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला होता. लोकांनी बैलांच्या गळ्यात चांदीच्या घंटा बांधल्या. दहा एकरांचा धनी असलेला पोरगा लग्नाच्या बाजारात राजासारखा मिरवत होता. पण नांदगाव खंडेश्वरचे महादेवराव या राजांना दारातूनच परत पाठवत.

"जमीन तं साऱ्याईले हाय," त्यांनी सूर्यभानच्या तोंडावर सांगितलं होतं. "लढाई थांबली का भाव खाली येईन. मंग काय ढेकळं खासान? हातात हुन्नर पाह्यजे. काही शीक, एखाद्या पेढीवर लाग, अन् मंग पोरगी घेऊन जा."

बापाच्या या हट्टापायी सुभद्रा विशीला आली तरी घरातच होती आणि गावाने तिच्या नावाने केव्हाच सुस्कारा सोडला होता. सूर्यभान तिला पाहायला गेला तेव्हा ती मान खाली घालून बसली, एक शब्द बोलली नाही. पण निघताना त्याची गाडी वळली आणि गोठ्यातून तिचा आवाज आला, "डावीकडचा बैल ओढ घेते, सांभाळून जा." बस, एवढंच. या एका वाक्यावर सूर्यभानने दोन वर्षं काढली. रात्री अंगणात पडला की तो ते वाक्य हळूच स्वतःशी म्हणे. बैल तर खरंच डावीकडे ओढायचा, पण ते तिला दिसलं होतं, याचं त्याला फार वाटे.

हुन्नर त्याने निवडला दलालीचा. उमरावतीच्या कापूसबाजारात तेव्हा भाव तोंडाने होत नसत. दलाल आणि शेतकरी एकमेकांचे हात धरत, वर रुमाल टाकत आणि रुमालाखाली बोटांनी बोलत. मूळ भाव साऱ्या बाजाराला ठाऊक असे. त्याच्यावर किती, तेवढंच बोटं सांगत. दोन बोटं धरली तर दोन रुपये, अख्खा पंजा धरला तर पाच. एकदा हातावर हात मारला की सौदा पक्का. मागे फिरणाऱ्याला मग बाजारात कोणी पाणी विचारत नसे.

या विद्येत पुंजाराम दलालाचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याने सूर्यभानला चेला करून घेतलं आणि रोज दुपारी घोंगडीखाली स्वतःचा उजवा हात त्याच्यापुढे केला. आता या उजव्या हाताला करंगळी नव्हती. तरुणपणी सरकी काढायच्या रेच्यात ती गेली होती.

"उस्ताद, मंग चार कसे धरू?" सूर्यभानने पहिल्याच दिवशी विचारलं.

"करंगळी हाय असं समज," पुंजाराम म्हणाला. "तिच्यापुरती मूठ जराशी ढिली ठेव. मले समजते."

सूर्यभानने आठवडाभर करंगळी आहे असं समजून पाहिलं. मग समजायचं राहून गेलं आणि बोटांना सवय तेवढी लागली. तीन बोटं घट्ट धरली की तीन, तीच तीन बोटं ढिली धरली की चार. पुंजारामला ते अचूक कळे. बाकी सगळे आकडे चोख होते. दुसऱ्याची बोटं ओळखण्यात तर चेला गुरूच्या वर गेला. दोन वर्षांनी पुंजारामने त्याच्या डोक्याला पटका बांधला आणि मुंबईच्या एका पेढीचे मुनीम उत्तमराव यांच्यापुढे नेऊन उभं केलं.

"एक दिवस पाहतो," उत्तमराव म्हणाले. "माल नीट घेतला तर उद्यापासून कायम."

सूर्यभानचे पहिले दोन सौदे छान झाले. एक दोनवर तुटला, एक पाचवर. उत्तमरावांनी मान डोलावली. तेवढ्यात बाजारात कापसाच्या गाड्या शिरल्या आणि पहिल्या गाडीवरून उतरले खुद्द महादेवराव. सूर्यभानने घाईघाईने पटका सारखा केला.

"हा माल उत्तम आहे," उत्तमराव त्याच्या कानाशी कुजबुजले. "चारपर्यंत जा. चारच्या वर एक पाऊल नाही."

सूर्यभानचा आणि महादेवरावांचा हात रुमालाखाली गेला. भोवती घोळका जमला, कारण होणाऱ्या सासऱ्या-जावयाचा सौदा रोज थोडाच पाहायला मिळतो! रुमालाखाली भाव चालू असताना तोंडाने भावाचा शब्द काढायचा नाही, अशी बाजाराची रीत. म्हणून तोंडं ख्यालीखुशाली विचारत होती.

"घरी बरं हाय ना, मामाजी?"

"बरं हाय," महादेवराव म्हणाले आणि त्यांनी सूर्यभानची चार बोटं दाबली. चार!

सूर्यभानला आनंदाने काय करू अन् काय नको असं झालं. सासऱ्याने मागितलेलं पुरतं देता येत होतं! त्याने हसून चार धरले. म्हणजे त्याच्या मते चार. महादेवरावांच्या हाताला तीन बोटं लागली आणि करंगळी मोकळीच राहिली.

"औंदा थंडी लय हाय," महादेवराव म्हणाले आणि पुन्हा चार दाबले.

"हाव, मामाजी. लय हाय," सूर्यभान म्हणाला आणि त्याने पुन्हा तीन धरली, पहिल्यापेक्षा प्रेमाने.

महादेवरावांच्या कपाळावर आठी चढली. पोरगं तीनवरून हलत नाही आणि वर दात काढून हसतं, याचा अर्थ काय? मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. हा आपला मानपान मागून राहिला! चारचौघांत मागायची लाज वाटते म्हणून रुमालाखाली सासऱ्याचा खिसा कापून राहिला! त्यांना वाटलं, हात झटकून उठावं. पण भोवती सारा बाजार उभा, आणि घरी विशीची पोरगी. त्यांनी डोळे मिटले आणि हातावर हात मारला.

माल तोलताना भाव बोलून दाखवायचा मान शेतकऱ्याचा. महादेवराव दात आवळून म्हणाले, "तीन."

उत्तमराव उडालेच. पण त्याहून जास्त उडाला सूर्यभान. चारचे तीन कसे झाले? आणि लगेच त्याला उमगलं. आपली नोकरी पक्की व्हावी म्हणून मामाजींनी आपणहून एक सोडला! केवढं मन या माणसाचं! तो धावत गेला आणि भर बाजारात त्याने महादेवरावांचे पाय धरले.

"मामाजी, तुमचे उपकार जलमभर इसरनार नाई!"

"इसरू बी नको," महादेवराव म्हणाले आणि मागे न पाहता गाडीत जाऊन बसले.

"कायम!" उत्तमराव सूर्यभानच्या पाठीवर थाप मारून म्हणाले. "सासऱ्यालाही न सोडणारा दलाल मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला."

सूर्यभान हे हसण्यावारी नेऊन घरी आला. लग्नाच्या तयारीत त्याचे चार दिवस सुखात गेले. पाचव्या दिवशी लग्न जमवणारे मोरोपंत भटजी दारात उभे राहिले. त्यांच्या हातात सूर्यभानकडून सुभद्रेला गेलेलं लुगडं होतं, घडीही न मोडलेलं.

"महादेवरावांनी परत दिलं आहे," मोरोपंत खाली बघत म्हणाले. "ते मानपान गिळायला तयार होते. पण मुलगी नाही म्हणाली. ज्याने माझ्या बापाला बाजारात नागवलं त्याच्या घरी मी पाणी भरणार नाही, असे तिचे शब्द आहेत."

"मी नागवलं? म्या तं चार देल्ले!"

"त्यांच्या हाताला तीन लागली."

सूर्यभानने मोरोपंतांचा हात ओढला आणि त्यावर चार धरले. मग खाली पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच तो आकडा त्याने उघड्यावर, पाच बोटांच्या हातावर धरला होता. भटजींची करंगळी बाजूला एकटी उभी होती. चुलीपाशी बसलेल्या पार्बताबाई म्हणाल्या, "मले वाटलं, तुले तीनच भाकरी पुरतेत."

तो तसाच गाडी जुंपून नांदगाव खंडेश्वरला गेला. महादेवराव ओसरीवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले, पण ते हसणं बरं नव्हतं.

"दोन वर्सं शिकला अन् तुले चार धरता येत नाई? बिनशिकल्यानं सांगतलं असतं तं मानलं असतं म्या. तू तं पुंजारामचा चेला! चेला काहून चुकीन?"

"तेच सांगून राहिलो, मामाजी! शिकलो म्हणूनच चुकलो!"

"जाय बापा. बैलं दमली असन तं पाणी पाज अन् निघ."

तेव्हा दारामागून सुभद्रेची आई कौशल्याबाई बाहेर आल्या. त्यांनी सूर्यभानपुढे बसकण मारली, हात पुढे केला आणि त्यावर पदर टाकला.

"मी आकडे सांगतो. तू धर," त्या म्हणाल्या. "पाच. दोन. तीन. चार. आता पुना चार. आता न थांबता धर, चार, दोन, चार!"

सूर्यभान घामाघूम होऊन बोटं धरत गेला. कौशल्याबाईंनी पदर काढला आणि नवऱ्याकडे वळल्या.

"खोटं नाई बोलत पोरगं. चार याले येतच नाई. चार म्हटल्यावर माही करंगळी एकडाव बी धरली नाई यानं."

दारामागे कोणीतरी खुदकन हसलं. सूर्यभानने ते हसू ऐकलं, आणि तिथेच जमीन दुभंगावी आणि तिथेच जन्मभर बसूनही राहावं, असं त्याला एकदम वाटलं.

महादेवरावांनी सूर्यभानच्या बोटांकडे वाकून पाहिलं. मग म्हणाले, "लालची नाई, कच्चा हाय. ते बरं. पन ऐक. हात म्या मारला, तो सौदा गेला, त्याचं काही नाई. पन असा हात घेऊन पेढीवर बसशीन तं किती शेतकऱ्याईले बुडवशीन? आधी ते नोकरी सोड. पुना शीक. मंग ये."

"मामाजी, तुमीच तं म्हटलं होतं, नोकरी लागल्यावर ये!"

"आता मीच म्हणतो, सुटल्यावर ये."

उत्तमरावांनी तर हकीकत ऐकून त्याला मिठीच मारली. "चार येत नाही? अरे, मग तुला सोडतो कोण? दीडपट पगार घे. तुझ्या मनात पाप नाही, बोटांत आहे, असा माणूस शोधूनही सापडायचा नाही!" सूर्यभानला मोह झाला नाही असं नाही. दीडपट पगारात घर झालं असतं, लुगडी झाली असती. पण दारामागचं ते हसू कानात होतं, आणि एखाद्या शेतकऱ्याने दात आवळून "तीन" म्हटल्यावर ते हसू पुन्हा कधी ऐकू येणार नाही, हे त्याला कळत होतं. त्याने पटका काढून ठेवला आणि अकोल्याची वाट धरली.

अकोल्यात त्याने नवा उस्ताद गाठला तेव्हा पाया पडण्याआधी त्याचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. शिकलेलं पुसून पुन्हा शिकणं फार वाईट. नवखी पोरं महिन्याभरात चार धरायला लागली, हा पावसाळा सरला तरी तीनवरच. दिवस मावळताना तो गावाबाहेर जाऊन उभा राही. उमरावतीकडे जाणाऱ्या गाड्यांच्या घंटा दूर होत होत बंद पडल्या की त्याला रडू येई. नांदगावात आता काय चाललं असेल? तिने आपल्यासाठी थांबावं तरी का? तिकडून निरोप येत नव्हता, आणि न आलेला निरोप हाच चांगला निरोप असं म्हणून तो घोंगडीखाली बोटं घाली.

पुढल्या वर्षी पलीकडची लढाई थांबली आणि कापसाचे भाव धाडकन खाली आले. चांदीच्या घंटा सोनाराकडे परत गेल्या. दहा एकरांचे राजे नोकरी विचारत फिरू लागले. तोवर सूर्यभानचे चार पक्के झाले होते. पडत्या बाजारात फसवणार नाही असा दलाल अकोल्याच्या एका पेढीला हवाच होता, त्यांनी त्याला ठेवून घेतलं. त्या संध्याकाळी त्याने मोरोपंतांकडे माणूस पाठवला. चौथ्या दिवशी उत्तर आलं, पोरगी अजून घरातच आहे, ये.

मांडवात अंतरपाट दूर झाला. मोरोपंतांनी सुभद्रेचा हात उचलून सूर्यभानच्या हातात दिला आणि वर शेल्याचा पदर टाकला. "घट्ट धरा," ते म्हणाले. सूर्यभानने धरला. पण तो हात हातात येताच त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, कानात सनई घुमायला लागली आणि अकोल्यात वर्षभर घासून पक्कं केलेलं सगळं क्षणात उडून गेलं. तीन बोटं धरून तो पुतळ्यासारखा बसून राहिला. समोर बसलेल्या कौशल्याबाईंनी लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

सुभद्रा मान खाली घालूनच होती. शेल्याखाली तिने करंगळी जराशी वळवली आणि आपणच त्याच्या मुठीत सारली.