दिसलो का, गुर्जी?

पडका बुरूज दिसला की बसलिंगअप्पांचं भान सुटायचं. धोतराचा काचा मारायचा, वहाणा काढून माझ्या हातात द्यायच्या आणि साठीकडे झुकलेला हा किराणा दुकानदार घोरपडीसारखा भिंतीवर चढायचा. वर गेला की भिंतीतल्या एखाद्या जंगीला तोंड लावून ओरडायचा, "दिसलो का, गुर्जी?"

जंगी म्हणजे बंदुकीची नळी बाहेर काढायला बुरजाच्या भिंतीत ठेवलेलं अरुंद भोक. आतल्याला बाहेरचं दिसावं आणि बाहेरच्याला आतला दिसू नये, यासाठीच ते असतं. त्यामुळे मी खालून खरं तेच सांगत असे, "नाही दिसलात, अप्पा!"

मग वरून आवाज यायचा, "नीट बघायलाव का?"

नीट म्हणजे किती नीट? एप्रिलचं ऊन, पायाखाली ढेकळं आणि दोन्ही हातांत दुसऱ्याच्या वहाणा.

मी मूळचा मुखेडचा. लातूर जिल्हा नुकताच नवा झाला होता, त्या दिवसांत निलंग्याच्या शाळेत नोकरीला आलो आणि अप्पांच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली. नवा जिल्हा म्हणून सगळीकडे नव्या पाट्या लागल्या होत्या, नवे साहेब आले होते. पाणी तेवढं जुन्या जिल्ह्यातही नव्हतं आणि नव्यातही आलं नाही. माझ्याकडे एक फटफटी होती, आणि हे अप्पांना पहिल्याच आठवड्यात कळलं. तेव्हापासून माझे रविवार अप्पांचे झाले.

रझाकारांच्या धामधुमीत या भागातल्या गावागावांनी जुने बुरूज डागडुजी करून उभे केले होते. कुठे माळावर दगड रचून लढायला मोर्चा बांधला, कुठे वेशीबाहेर खंदक खणला. पोरं ठासणीच्या बंदुका आणि गोफणी घेऊन रात्रंदिवस पहारा द्यायची. अप्पाही त्यांतलेच, आपल्या गावच्या बुरजावरचे. पुढे निजाम गेला, बुरूज ओस पडले. लोकांनी गढ्यांची पांढरी माती धाब्याच्या घरांवर टाकायला नेली आणि उरलेल्या जागी कुत्र्या व्यायला लागल्या. अप्पा मात्र एकेक बुरूज हुडकून काढत. तिथे शिरले की दगडावरून हात फिरवत म्हणत, "इंतजाम बघा, गुर्जी! काय बंदोबस्त हाय!" पण मी "नाही दिसलात" म्हटलं की हाच बंदोबस्त त्यांना नकोसा व्हायचा. तोंड पाडून खाली उतरत. हे कोडं मला काही सुटत नव्हतं. बंदोबस्त चांगला निघाला तर माणसानं खूश व्हायला नको का?

गावात त्यांच्याबद्दल नाना मतं होती. अप्पा गुप्तधन शोधतात असं सोनार म्हणायचा. बायको गेल्यापासून डोकं फिरलंय, असं शेजारीण म्हणायची, आणि तसं बघितलं तर नागाबाई गेल्यानंतरच हा नाद लागला होता. शाळेत आम्ही त्यांचा सत्कार ठरवला, तर शाल बघूनच ते दचकले.

"न्हाई, न्हाई. माझा पहारा लई कच्चा व्हता. सत्कार फिजूल हाय."

आणखी एक विचित्र गोष्ट होती. दूरदूरचे बुरूज आम्ही पालथे घातले, पण अप्पांच्या स्वतःच्या गावचा बुरूज, जो त्यांच्याच शेतात होता, तिकडे ते फटफटी वळवू देत नसत. "ते राहू द्या, मागनं बघू," म्हणत आणि विषय बदलत.

त्या उन्हाळ्यात त्यांच्या गावची विहीर तळाला गेली. खोल करायला घेतली तर एका बाजूचं बांधकामच ढासळलं. सरपंच दुकानात आले आणि पोत्यावर टेकत चाचरत म्हणाले, "अप्पा, बुरजाचा दगड इहिरीला लावावा म्हनतो. तुमचा जीव त्यात हाय, म्हनून इचारायला आलो."

अप्पा बराच वेळ तराजूचा काटा निरखत बसले. मग म्हणाले, "एक सकाळ द्या मला. मग सांगतो."

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही निघालो. यावेळी अप्पांनी मला बुरजाखाली उभं केलं नाही. समोर हाकेच्या अंतरावर विहीर होती, तिच्या काठावर उभं केलं. तिथे घागरींची रांग लागलेली. हातात वहाणा घेऊन मी बायकांच्या मधोमध उभा. एक म्हातारी माझ्यावर डाफरलीच, "गुर्जी, घागर कुठाय? मधी घुसू नका, रांगेला लागा!"

पाठीमागून सूर्य वर आला. बुरजावर कोवळं ऊन पडलं. आणि वरून हाक आली, नेहमीपेक्षा बारीक, "दिसलो का, गुर्जी?"

मी नेहमीसारखं "नाही" म्हणणार, तेवढ्यात थबकलो. काळ्या भोकात काहीतरी पांढरं चमकत होतं. कपाळावरच्या विभूतीचे पट्टे!

"अप्पा, तोंड नाही दिसत! पण विभूती दिसते! स्वच्छ दिसते!"

मी दोनदा हाका मारल्या. बऱ्याच वेळाने अप्पा उतरून माझ्याजवळ आले. डोळे लाल झाले होते.

"खरंच दिसली? का म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हनून सांगायलाव?"

"शपथेवर सांगतो, अप्पा."

ते विहिरीच्या काठावर बसले. "आमची नागाबाई लग्नाआदी ह्या गावात मामाकडं ऱ्हायला आलती, गुर्जी. सकाळी हितं पान्याला यायची. मला रस्त्यावर नजर ठिवायला बसवलं व्हतं, अन् मी ह्या बाजूच्या जंगीतनं तिलाच बघत बसायचो. लगीन झाल्यावर ती म्हनायची, तुमी बघत व्हता, मला तुमची इभूती दिसायची. मी चारचौघांत तिला खोटी पाडायचो. पहारेकरी ना मी! म्हनायचो, जंगीतला मानूस कधी दिसतो का? ती हसून गप बसायची. जाताना बी म्हनली, मी खोटं बोलले न्हाई." त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "कुठल्या तरी जंगीत मानूस दिसंल म्हनून हिंडलो. हितं यायची हिंमत व्हत न्हवती. हितंच न्हाई दिसलो असतो, तर?"

मी त्यांच्या वहाणा त्यांच्या पायांपाशी ठेवल्या.

सरपंच लांबूनच बघत होते. अप्पांनी त्यांना हात करून बोलावलं.

"न्या समदा दगड. फक्त ती जंगी हाय ना, तिच्या बाजूचा दगड खाली गाडू नका. वर काठाला लावा. बायांना घागर टेकवायला हुईल."