तीन टक्क्यांचं औषध, ऐंशी टक्क्यांचा शहाणा

माझ्यापुढे आजवर एकाही रोगाने टिकाव धरलेला नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो! धाड गावच्या बाजारात आमचं कृषी केंद्र आहे. लोक पिशवीत पान घालून आणतात. मी ते उलटं करून उजेडात धरतो, पांढरी बुरशी दिसली की "भुरी!" म्हणतो आणि फळीवरून पुडा काढून देतो. डॉक्टर लोक रक्त तपासतात, लघवी तपासतात, छातीचा फोटो काढतात. मला एक पान पुरतं!

एकच पीक मला कधी साधलं नाही. ते म्हणजे माझं तोंड.

वय तिशीला टेकलं तरी गालांवर पुटकुळ्या! बाकीच्यांच्या कॉलेजसोबत जातात, माझ्या मात्र धंद्यात भागीदार असल्यासारख्या मुक्कामाला राहिल्या. एऱ्हवी मी त्यांची पर्वा केली नसती. पण आमच्याकडे सध्या नवरदेवांचा सुकाळ आणि नवरीमुलींचा दुष्काळ आहे. शेती आहे म्हटलं की मुलीकडचे नोकरी विचारतात, दुकान आहे म्हटलं की शहर विचारतात. अशात पुंजाजीमामाने नांदुऱ्याकडचं एक स्थळ आणलं. मुलगी पुष्पांजली, शाळेत शिक्षिका. वडील भागवतराव, मिरचीचे मोठे शेतकरी. पत्रिका जुळली, फोटो गेला, आणि मामाचा फोन आला.

"कुलदीप, पोट्टीले बाकी सारं पसंत हाय. पन ते विचारते, फोटोत तोंडावर लाल लाल काय हाय?"

"ऊन हाय मामा."

"फोटो घरात काढेल हाय बे!"

रविवारी ते लोक येणार होते. हे स्थळ हातचं गेलं तर आई मला जेवू घालणं बंद करेल, अशी परिस्थिती होती. मी तडक बुलढाण्याला जाऊन चामडीच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांनी एक एवढीशी बाटली लिहून दिली. म्हणाल्या, "यात गंधक आहे. रात्री पातळसं लावा, थोड्या वेळाने धुऊन टाका. घाई करू नका, महिनाभर तरी लागेल."

गंधक! मला हसूच फुटलं. अहो, गंधक तर माझ्या दुकानात पोत्याने पडलेलं असतं! भुरीवर मी रोज तेच तर देतो. एसटीत बसल्या बसल्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं. तीन टक्के! फक्त तीन टक्के! आमच्या पुड्यात असतं ऐंशी टक्के! बाई शिकलेल्या असतील, पण त्यांनी कधी मिरची वाचवलेली नाही, हे माझ्या तिथेच लक्षात आलं. बाटली मी खिशात टाकली ती टाकलीच.

शनिवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, मागच्या बाजूला आरसा टेकवला आणि कामाला लागलो. पिवळीधम्मक भुकटी घेतली, पाणी घातलं, घोटली. पाठीवरचा पंपच मारणार होतो, पण आरशात नोझल उलटं दिसायला लागलं म्हणून हातानेच थापली. शेवटी एक बारीकशी गोष्ट आठवली. औषधासोबत स्टिकर लागतं! स्टिकर म्हणजे फवारणीत घालायचं चिकट पाणी, त्याने औषध पानाला धरून राहतं. तेही घातलं, आणि तोंड आहे म्हणून जरा सढळ हाताने घातलं.

मग वाट पाहत बसलो. फवारणी झाल्यावर चार तास पाऊस नको, हा नियम मी गिऱ्हाइकांना घोकून घोकून सांगतो. तेव्हा चार तास मी तोंडाला पाण्याचा थेंब लागू दिला नाही. चहासुद्धा भुरकून नाही, वरून ओतून प्यालो!

संध्याकाळी तोंड धुतलं. रंग हलला नाही. साबण लावला. हलला नाही. घासणी घेतली. घासणी पिवळी झाली, तोंड जसंच्या तसं! 'मुसळधार पावसातही निघणार नाही,' असं म्हणून मी ते स्टिकर वर्षानुवर्षं विकत आलो. मी खरं बोलतो आहे, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं.

गमछा गुंडाळून घरी गेलो. आईने, म्हणजे आशाबाईने, गमछा ओढला आणि चार पावलं मागे सरकली.

"मायबाई! हे काय करून आला रे? अन वास कायचा येऊन राह्यला? लोणारच्या तळ्यात बुडून आला काय?"

"औषध हाय माय. निंघून जाते."

"निंघून जाते म्हने! उद्या पाहुने येऊन राह्यले अन हा मेला पिवळा होऊन बसला! बस अंगनात!"

आईने मला पाटावर बसवलं, बेसन आणि दही कालवलं आणि दोन्ही हातांनी माझं तोंड रगडायला सुरुवात केली. बेसनाचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. पिवळ्यावर आणखी पिवळं चढलं. मान, कान, दंड, सगळीकडे ओघळ आले. नेमक्या त्याच क्षणी शेजारच्या तानुबाईने भिंतीवरून मान वर काढली.

आता तिची तरी काय चूक? लग्नाचा मुलगा, अंगणात पाट, पाटावर उघडाबंब मी, आणि आई गालाला पिवळं चोळते आहे!

"बाप्पा! हळद? अन शेजाऱ्याले पत्ता नाही! लय छुपेरुस्तुम निंघाल्या आशाबाई!"

"अवं हळद नाही, औषध हाय!"

"हाव, हाव, औषधच! एकदा लागलं की जलमभर उतरत नाही!" असं म्हणून ती जी गेली, ती थेट मारुतीच्या पारापर्यंत. रात्रीच्या जेवणापर्यंत माझ्या मोबाइलवर अभिनंदनाचे निरोप आले. अर्ध्या लोकांना मी खरं सांगितलं. त्यांनी हसणाऱ्या बाहुल्या पाठवल्या.

रविवारी सकाळी आरशात पाहिलं तर एक चांगली आणि एक वाईट बातमी होती. पिवळा रंग बराचसा गेला होता. पण जाताना कातडं घेऊन गेला होता! तोंड भाजलेल्या वांग्यासारखं सोलून निघालं, खाली लालबुंद, नाकाच्या खोबणीत आणि भुवयांत गंधक तसंच. आणि पुटकुळ्या? एकही हलली नव्हती! सोललेल्या रानात उलट उठून दिसत होत्या. हसलो तर गाल तडकायचे, म्हणून हसणंही बंद.

तिकडे पाहुणे धाडच्या स्टँडवर उतरले आणि पानटपरीवर त्यांनी आमच्या घराचा पत्ता विचारला.

"कुलदीपभाऊचं घर? सरळ जा ना. कालच हळद लागली त्याले. तुमी लग्नालेच आले असान!"

पाहुणे घरात आले ते बसलेच नाहीत. भागवतराव दारातच उभे, डोळे मोठे. मागे त्यांच्या बायको शालूबाई, त्यांच्यामागे पुष्पांजली. फोटोतल्यापेक्षा चांगली होती, हे मी गमछ्याच्या फटीतून पाहिलं आणि फट आणखी आवळली.

"पुंजाजी, हा काय तमाशा हाय? एकीच्या नावाची हळद लावता अन दुसरीले दाखवाले बलावता?"

"कोनाले हळद? कायची हळद?" मामा माझ्याकडे वळला. "काऊन बे, मले न सांगता कोनासंगं जमवलं?"

तेवढ्यात तानुबाई! सोबत आणखी चौघी, हातात ताट, ताटात निरांजन आणि ओठांवर हळदीचं गाणं. आत येताच तिने पाहुण्यांकडे पाहिलं आणि टाळीच वाजवली. "अवं, हे काय नवरीबाईबी आली की वो!"

शालूबाईंनी लेकीचा हात धरला. "चाल पुष्पा. वापसीची गाडी भेटते अजून."

आई रडकुंडीला आली. आमचे बाबा, इंद्रभान, जे वर्षातून चार वाक्यं बोलतात, त्यांनी त्यातलं एक त्या दिवशी खर्च केलं. "गमछा काढ," ते म्हणाले.

मी काढला. गाणं बंद पडलं. तानुबाईच्या हातातलं ताट कलंडलं. पुष्पांजली टक लावून पाहत होती. मी सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई, बाटली, भुकटी, पाऊस नको म्हणून चार तास, बेसन, सगळं! सांगताना मला खरंच रडू येत होतं, पण डोळ्यांतलं पाणी गालावर आलं की झोंबायचं, म्हणून तेही आवरलं.

भागवतरावांनी जवळ येऊन माझा गाल निरखला, अगदी मी पान पाहतो तसा.

"कोनतं गंधक?"

"ऐंशी टक्के, भुकटी."

"स्टिकर घातलं होतं?"

"हो जी. थोडं जास्तच."

"अन धुतल्यावर निंघालं नाही?"

"घासनीनंबी नाही निंघालं जी."

भागवतराव बायकोकडे वळले. त्यांचा आवाज भरून आला होता. "शालू, बसून घे. अवं, आजलोक जेवढे दुकानदार पाह्यले, साऱ्यायनं मले बोगस माल देल्ला! दोन थेंब पानी पडलं की औषध वावरात! अन हा पोट्टा पाह्य! ह्यानं माल आधी सोताच्या तोंडावर मारून पाह्यला! असा इमानदार मानूस कुठी भेटते?"

मी 'तसं नव्हे' म्हणणार होतो. मामाने माझ्या पायावर पाय दिला.

"बाबा, तुमी थांबा," पुष्पांजली पहिल्यांदाच बोलली. मग मला म्हणाली, "डॉक्टरनं देल्लेलं औषध कुठी हाय?"

मी खिशातून बाटली काढली. झाकणाचं सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं.

"हे काऊन नाही लावलं?"

"फक्त तीन टक्के हाय त्याच्यात."

"माह्या वर्गातले पोट्टे बरे तुमच्यापेक्षा," ती म्हणाली. ओठ घट्ट दाबून धरले होते तिने, पण हसू डोळ्यांतून सांडत होतं. "आधी हे तोंड बरं होऊ द्या. मंग डॉक्टरबाईले विचारून महिनाभर हेच लावा, त्या सांगतीन तेवढंच. जो मानूस तीन टक्क्यावर महिनाभर थांबू शकते, त्याच्यासंगं संसार होऊ शकते. मंग सांगीन मी."

मी थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकलं! तोंड निवळलं, मग पुटकुळ्याही बसल्या, आणि नांदुऱ्याहून होकार आला. लग्नात खरी हळद लागली तेव्हा पुष्पांजलीने निरोप धाडला होता, 'तोंड सोडून.' तानुबाई अजून म्हणते की ह्या पोराला दोनदा हळद लागली.

पण सासऱ्यांनी ती इमानदारीची गोष्ट नांदुऱ्यापासून बीबी गावापर्यंत सांगून ठेवली आहे. दुकानात गर्दी वाढली, हे खरं. मात्र आता कोणीही पुडा उचलला की आधी माझ्या गालाकडे पाहतो आणि विचारतो, "भाऊ, हे मारलं का तुमी?" मी हो म्हटल्याशिवाय माल खपत नाही.

परवा खुद्द सासऱ्यांचाच फोन आला. "जावईबापू, घरात उंदरं लय झाले. तुमच्याकडचं औषध चांगलं हाय म्हन्ते... तुमी खाऊन पाह्यलं का?"