कमोड बसवायची मजुरी

दाढ काढून घेतल्यावर आमचे शेजारी तात्या खुर्चीतून उठले आणि तोंडात कापसाचा बोळा असतानाच डॉक्टरांना म्हणाले, "औषधाचं कळलं. मजुरी किती?"

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी छताकडं.

तात्या फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. बायको गेल्यापासून माधवनगरात आमच्या भिंतीला भिंत लावून एकटेच राहतात. वस्तूची किंमत ते निमूट मोजतात, पण हाताच्या कामाचे पैसे म्हटलं की मिशा थरथरायला लागतात. "वस्तू घरात ऱ्हाती, बाई. मजुरी कुठं जाती?" भाच्याच्या लग्नात त्यांनी भटजींनाही गाठलं होतं. "तांदूळ आमचं, माणसं आमची. मजुरी सांगा."

अशा तात्यांच्या दारात एक दिवस टेम्पोतून पांढराशुभ्र कमोड उतरला. मी चाट पडले. 'खुर्चीवर बसून कुणाला हुतंय व्हय?' असं गल्लीभर विचारणारा हा माणूस!

सलीम प्लंबर आला. "जुनं भांडं फोडायचं, पाइप बदलायचा, हे बसवायचं, वर फरशी. साडेतीन हजार, तात्या."

"साडेतीन हजारात आमी लडाखला अख्खा बंकर बांधला असता!"

"मग बंकरमधीच बसा की," म्हणत सलीमनं गाडीला किक मारली.

तात्यांनी स्वतःच छिन्नी-हातोडा उचलला. ठोकाठोक अशी, की आमच्या फळीवरची लोणच्याची बरणी चालत चालत खाली आली. शेवटी हाक आली, "बाई, या, बघा!"

कमोड बसला होता, पण इतका पुढं की दार लागेना. तात्या बसून दाखवायला गेले तर तो पाळण्यागत झुलला. टाकीचं पाणी सोडलं ते सगळं आमच्या पायांवर आलं.

"थोडं हलतंय," तात्या म्हणाले. "फौजेत ह्याला अ‍ॅडजस्टमेंट म्हणत्यात."

नाइलाजानं सलीमला पुन्हा बोलावलं. त्यानं वाकून बघितलं, डोकं खाजवलं. "बसवायचे साडेतीन. तुमी बसवलेलं काढायचे दोन."

आता तात्या त्याला हातोडा फेकून मारणार, म्हणून मी मागं सरकले. पण तात्या म्हणाले, "दिलं. फकस्त उद्या दुपारच्या आत झालं पायजे. आन् भिंतीला धरायला दांडी लाव, बळकट. तुझा सगळा भार टाकून बघ."

"उद्या कोण येतंय, तात्या?" मी विचारलं.

"लोणंदची आक्का."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. पण गेली काही वर्षं ती भावाकडं यायची बंद झाली होती. कधी म्हैस व्यालेली असायची, कधी ऊस तोडायला आलेला. "परवा फोनवर लय खोदून इचारलं," तात्या सलीमच्या हातांकडं बघत म्हणाले, "तवा बोलली. खाली बसलं की गुडघ्यानं उठवत न्हाई. तुज्या घरात बाईमाणूस न्हाई, हाक कुणाला मारू, म्हनली."

दुसऱ्या दिवशी आक्का आल्या. मीही चहाला होते. पिशवी मांडीवर धरूनच त्या म्हणाल्या, "सांजच्या गाडीनं जाते रं." मग थोडा वेळ चुळबुळ करून, पिशवी ठेवून, काठी टेकत मागच्या दारी गेल्या.

तात्यांनी तडक रेडिओ अंगणात आणला आणि आवाज पूर्ण वाढवला. खताची जाहिरात गल्लीभर घुमायला लागली.

"अहो तात्या, केवढा हा आवाज!"

"असू द्या," ते हळूच म्हणाले. "बसू दे तिला निवांत. कुणी ऐकतंय असं नगं वाटायला."

बऱ्याच वेळानं आक्का पदराला हात पुसत आल्या. "व्हय रं, बटाटं हायत का घरात? रातच्याला भाजी करते."

"हायत की!" तात्या म्हणाले.

घरात एकही बटाटा नव्हता. तात्या पायात चपला न घालताच बाजाराकडं निघाले.