रशीदभाईंची माशीखाऊ बेगम

रशीदभाईंच्या दुकानात माशी मारायला बंदी होती. दिग्रसला त्यांचं बॅटऱ्या दुरुस्त करायचं दुकान आणि माझं खता-बियाण्याचं, मधे एकच भिंत. एकदा गप्पांच्या नादात मी गुडघ्यावरची माशी मारली, तर हा माणूस स्टुलावरून उठलाच. "सुधाकरभाऊ, दुसऱ्याच्या ताटातलं कायले मारता?"

ताट बेगमचं. बेगम म्हणजे कुंडीतलं झाड. पानाच्या टोकाला दोऱ्यासारखा देठ, देठाला लोंबणारी झाकणाची सुरई, सुरईच्या तळाशी चिकट पाणी. माशी गोडाला भुलून काठावर येते, घसरते आणि झाडाच्या पोटात जाते. पुस्तकात तिला घटपर्णी म्हणतात. रशीदभाईंनी मोबाईलवर पाहून पार केरळातून मागवली होती. "खानदानी झाड होय, भाऊ. खत मागत नाई, मेहेरबानी मागत नाई. शिकार करून खाते." 'खानदानी' हा त्यांचा शेवटचा शेरा. चांगल्या बॅटरीला तोच आणि चांगल्या वांग्यालाही तोच.

बेगमला बोअरचं पाणी चालत नसे, क्षारानं मुळं जळतात म्हणे. ती प्यायची बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी. मे महिन्यात कुलर बेगमकडे, पंखा गिऱ्हाइकाकडे आणि रशीदभाई स्वतः पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेले. एकदा एक ट्रॅक्टरवाला खांद्यावर बॅटरी घेऊन आला, तर हे बोट वर करून म्हणतात, "थांबा जरा, एक गिऱ्हाईक आत चाललं." बापा! तो माणूसही खांद्यावरचं ओझं विसरून माशीकडे पाहत उभा राहिला.

घरी ते एकटेच. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी नांदेडला. रोज सकाळी दुकानं उघडली की आमचा चहा त्यांच्याकडे, बेगमच्या समोर.

मागच्या उन्हाळ्यात ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनला यवतमाळला गेले आणि दहा दिवस बहिणीकडे राहिले. जाताना दुकानाची किल्ली माझ्या हातात दिली. "कॅनमधलं पानी तेवढं टाका. दुसरं काई नाई, भाऊ. काईच नाई."

पुढचं सांगताना मला आजही लाज वाटते. सारा तालुका मला डोस विचारतो. कुणाची कपाशी पिवळी पडली की पाय माझ्या दुकानाकडे वळतात. तिसऱ्या दिवशी बेगमची दोन पानं फिकी दिसली आणि माझ्यातला शहाणा जागा झाला. नुसत्या माशांवर कोण जगतं? बिचारी उपाशी आहे! फाटक्या पोत्यातलं मूठभर डीएपी खत आणलं आणि बुंध्याशी घातलं. पाचव्या दिवशी सुरयांचे काठ काळे पडले, तर मी आणखी अर्धी मूठ घातली. रशीदभाई परतले तेव्हा कुंडीत एक काळी काडी उभी होती.

"ऊन लय होतं, भाई," मी म्हणालो. चाळीस वर्षांचा शेजार, आणि मी सगळं उन्हावर ढकलून मोकळा झालो.

काळा चष्मा लावलेले रशीदभाई कुंडीपाशी उकिडवे बसले. माती बोटांनी चाचपली. "माहीच गलती. तिले सोडून जायले नव्हतं पाह्यजे." मग उठले आणि कुलर लावला. मेलेल्या झाडाला! रोज कुलर, रोज डिस्टिल्ड पाणी. गिऱ्हाइकं हसायची. "मुळातून फुटते कदी कदी," एवढंच ते म्हणायचे.

भिंतीपलीकडून कुलरची घरघर आली की मला माझ्याच गादीवर बसवेना. चहाला जाणं मी बंद केलं. कधी बीपीचं निमित्त, कधी माल उतरवायचं. "भाऊ, चाय!" अशी हाक आली की मी पोत्यांच्या थप्पीमागे जाऊन उभा राहायचो. साठीचा माणूस, स्वतःच्याच दुकानात लपतो! थू माझ्या जिंदगानीवर.

पंधरा दिवसांनी राहवलं नाही. गेलो आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. "भाई, ऊन नाई लागलं तिले. म्या मारली. डीएपी टाकलं, दोन खेप."

रशीदभाई एका बॅटरीचं टोक घासत होते. ते घासतच राहिले.

"मालूम हाय. आल्या दिवशीच दाने दिसले, नवा डोळा हाय ना. येचून नालीत फेकले. कोनं पाह्यले असते तं म्हनला असता, सुधाकरभाऊले डोस समजत नाई."

"मंग बोलले काहून नाई?"

"बोललो असतो तं तुमी शरमेनं येनं बंद केलं असतं." त्यांनी मान वर केली. "नाई बोललो, तरी बंदच केलं. रोज दोन चाय मागवून राह्यलो, भाऊ. दुसरा थंडा होते, मंग मीच पेतो."

मला त्यांच्याकडे बघवेना. टेबलावर साय धरलेला एक कप होता. मी स्टूल ओढून बसलो आणि तो उचलला.

"ठेवा तो, ठेवा," ते घाईघाईनं म्हणाले, "गरम सांगतो ना तुमच्यासाठी."

मी ऐकलं नाही. सायीसकट पिऊन टाकला.