विरोध समक्ष वाचून दाखवावा

तिसऱ्या मजल्यावरची खोली इथेच शिकलेल्या, मराठी येणाऱ्या एका परदेशी नर्सला भाड्याने द्यावी की नाही, हा विषय समितीपुढे आला तेव्हा आमच्या इमारतीत कोणाच्याही मनात काही वाईट नव्हतं. जे होतं ते ग्रुपवर होतं.

घरमालकीणबाईंना भाडेकरू पसंत होती. तिला हॉस्पिटलचं वसतिगृह शनिवारी सोडायचं होतं. एवढीच गोष्ट. पण ग्रुपवर तिचा फोटो पडला आणि लोकांच्या अंगात आलं. ‘हे लोक आले की जिन्यात वास सुटतो.’ ‘आज एक, उद्या सगळं खटलं.’ ‘दिवे गेले तर दिसायचीही नाही.’

अध्यक्ष काटेकोर गृहस्थ. ग्रुपवरचा विरोध हा खरा विरोध धरावा काय, अशी शंका त्यांनी उपस्थित केली. साधकबाधक चर्चेअंती ठरलं, की ज्याने जे लिहिलं ते त्याने अर्जदारासमक्ष वाचून दाखवावं. वाचलं तर विरोध ग्राह्य, अन्यथा रद्दबातल.

नर्स ड्यूटीवरून थेट सभेला आली. प्रथम तळमजल्यावरचे अण्णा उठले. वास त्यांना आला होता.

“चष्मा घरी राहिला,” अण्णा म्हणाले.

“द्या काका, मी वाचते.” तिने फोन घेतला आणि रुग्णाला गोळ्यांच्या वेळा समजावून सांगाव्यात अशा आवाजात वाचलं, “हे लोक आले की जिन्यात वास सुटतो. बरोबर ना काका?”

“अगदी. उच्चार किती स्वच्छ आहेत हो हिचे.”

माईंचा घसा बसला होता. त्यांचं खटलंही तिनेच वाचलं, वर कोमट पाणी प्यायला सांगितलं. दिव्यांचा विनोद करणाऱ्या जिममास्तरांना ऐन वेळी फोन आला. त्यांचा विनोदही तिनेच वाचला. ग्रुपवर या वाक्याला सर्वांत जास्त हसरे चेहरे मिळाले होते. इथे नुसता पंखा ऐकू येत होता.

“स्वतः कोणीच वाचलं नाही,” अध्यक्षांनी निर्णय दिला. “सबब विरोध शून्य.”

घरमालकीणबाईंनी पर्समधून किल्ली काढली.

“एक मिनिट,” सचिव म्हणाले. “कोणी भिडेखातर गप्प बसलं असेल तर त्याच्यावर अन्याय होईल. गुप्त मतदान घेऊ. फोनवरच.”

सगळ्यांनी माना खाली घातल्या. नर्स हातांची घडी घालून त्या वाकलेल्या मानांकडे बघत राहिली. निकाल लागला: बाजूने एकही मत नाही. इतिवृत्तात नोंद झाली, ‘कोणाचाही विरोध नाही. एकमताने नकार.’

नर्सने घरमालकीणबाईंकडे पाहिलं. “मावशी, तुम्हीसुद्धा?”

“मला इथेच राहायचंय ना गं,” म्हणत त्यांनी किल्ली पर्समध्ये परत टाकली.

“मग शनिवारी मी कुठे जाऊ?”

यावर मात्र सगळे धावून आले. प्रत्येकाने दुसऱ्याच कुठल्यातरी इमारतीचा पत्ता दिला. तिथली माणसं फार चांगली म्हणे. अण्णा तिला फाटकापर्यंत सोडायला गेले. “अधूनमधून येत जा गं, प्रेशर बघायला,” माई खणखणीत आवाजात म्हणाल्या.

लगेच अध्यक्षांनी ग्रुपवर टाकलं, ‘गुणी मुलगी. देव तिचं भलं करो.’ खाली बदामांची रांग लागली. त्यात तुमचाही बदाम आहे, पाहिला आम्ही. मत काय दिलंत ते विचारत नाही. मतदान गुप्त होतं.