विलर्ड्स बेंडचा अधिकृत इतिहास

इतिहास नसलेलं गाव जगात नाही. तो लिहायला पगारी माणूस नेमलेला नाही, अशी गावं मात्र पुष्कळ आहेत. ही उणीव भरून काढण्याचं थोर कार्य दुबई मरीनातल्या एका ऑफिसात चालतं, आणि लतिका ते मन लावून करत असे.

काम साधं होतं. अमेरिकेतल्या लहान गावांची माहिती वेबसाइटवर टाकायची: हवामान, इतिहास, आकर्षणं. कुठलाही रकाना रिकामा सोडणं कंपनीच्या धोरणात बसत नसे. (गावात काहीच नसणं बसत असे.) लतिकानं अमेरिका पाहिलेली नव्हती, आणि हीच तिची पात्रता ठरली होती. पाहिलेला माणूस शंका काढत बसतो आणि फाइल अडकते.

एका गुरुवारी तिच्या वाट्याला विलर्ड्स बेंड आलं. वस्ती तीनशे. धान्याचं कोठार एक, पेट्रोल पंप एक (बंद), शाळा एक (तीही बंद). हवामानाचा रकाना तिनं अनुभवाच्या आधारे भरला: "बारमाही गारवा, सोबत शाल ठेवावी." बाहेर शेहेचाळीस डिग्री होतं, पण ऑफिसचा एसी सोळावर होता आणि तिच्या खांद्यावर शाल होती.

गाडी इतिहासापाशी अडली. मॅनेजर अफशा मॅडमनी काचेवर टकटक केली. "लतिका, यल्ला, जल्दी करो! हिस्ट्री ही तो है, कौन पूछने आएगा?"

लतिकाला सासर आठवलं. गुहागरजवळच्या त्या गावात तिचे सासरे आणि चुलत सासरे एका विहिरीवरून वर्षानुवर्षं अबोल होते. कार्य असलं की दोन्ही घरं एकाच मांडवात, पण एकमेकांकडे पाठ करून जेवत. तिनं सासऱ्यांचं नाव एझ्रा ठेवलं, चुलत सासऱ्यांचं एमॉस, आणि सगळी भावकी १८७१ सालात नेऊन बसवली. आकर्षणांत लिहिलं: "ऐतिहासिक विहीर. तसेच दर ऑक्टोबरात भरणारी पाठमोरी पंगत."

दोन वर्षं कोणी विचारायला आलं नाही. मग गावच्या महापौर, म्हणजे आपल्याकडच्या सरपंच, नॉर्मा टिल्मन यांची मेल आली. व्हिडिओ कॉलवर बोलायचं होतं. लतिकानं मनाशी हिशेब मांडला. नोकरी गेली की व्हिसा जाणार, व्हिसा गेला की लेकीची, मिहिकाची शाळा.

"यू कुड जस्ट से सॉरी, आई," मिहिका सकाळी डबा भरता भरता म्हणाली. चौदा वर्षांच्या मुलीला व्हिसा आयता मिळालेला असतो.

कॉलच्या वेळी अफशा मॅडम कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेतानं शेजारी बसल्या. पडद्यावर सत्तरीच्या नॉर्माबाई आल्या.

"तुमचं पान वाचलं," त्या म्हणाल्या. "विहीर खूप शोधली. सापडेना, म्हणून खणली."

लतिकानं खांद्यावरची शाल सारखी केली.

"पंगतीला बाहेरगावची माणसं आली. पण आता अर्धं गाव एझ्राचं झालंय, अर्धं एमॉसचं. माझी सख्खी बहीण माझ्याशी बोलत नाही. तेव्हा तुम्हीच सांगा, विहीर कोणाची?"

सख्ख्या बहिणीचं ऐकून लतिकाला राहवेना. "बाई, मला माफ करा. असे भाऊ तुमच्या गावात कधी नव्हतेच. मी रचलं ते."

अफशा मॅडमनी डोळे मिटले. नॉर्माबाईंनी मागे वळून आपलं दार लावलं.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "पंप सुरू झालाय. शाळा उघडलीय. याआधी इथे माणसं जमायची ती मयताला. असं पुन्हा कुठे बोलू नका. फक्त सांगा, विहीर कोणाची?"

सासरी लतिकाला हे कोणी कधी विचारलं नव्हतं.

"दोघांची," ती म्हणाली. "पाणी दोघांनी भरावं."

नॉर्माबाईंचा चेहरा पडला. "हे कसं चालेल? मग पुढच्या वर्षी पंगत कशी भरायची?" आणि त्यांनी कॉल बंद केला.

पुढे विलर्ड्स बेंडच्या इतिहास मंडळानं दोन्ही भावांवर जाडजूड ग्रंथ काढला. आधार म्हणून कंपनीची वेबसाइट दिली. अफशा मॅडमनी लगेच वेबसाइटवर आधार म्हणून तो ग्रंथ दिला. "खलास," त्या म्हणाल्या, "अब प्रूफ है."

लतिकाला बढती मिळाली आणि महाराष्ट्रातल्या गावांचं काम आलं. ती कंबर कसून बसली, पण रचायला जागाच उरली नव्हती. गावागावाहून माहिती तयार आली होती: पांडव मुक्कामाला थांबलेले, देऊळ एका रात्रीत उभं राहिलेलं, भुयार थेट किल्ल्यापर्यंत गेलेलं. (भुयारात आत जाऊन आलेले: शून्य.) तिनं सगळं जसंच्या तसं छापलं आणि प्रत्येक पानाखाली ओळ टाकली: "चूक आढळल्यास कळवावे."

पत्रांचा पाऊस पडला. माहिती खोटी असल्याचं एकानंही लिहिलं नाही. प्रत्येकाची तक्रार एकच: शेजारच्या गावाला आमच्यापेक्षा शंभर वर्षं जास्त का दिलीत?

वाचकहो, आपल्या गावाचं पत्र अद्याप पोहोचलेलं नाही. आपण शेजारच्या गावाचं पान अजून उघडलेलं दिसत नाही.