सोबती क्रमांक सतरा

यंदा घुम्या अख्खं कॉलेज दणाणून सोडणार होता! आरशासमोर उभं राहून त्याने तसं स्वतःला बजावलंही होतं, अर्थात मनातल्या मनात. मागच्या तोंडी परीक्षेत सरांनी "नाव सांग" म्हटलं आणि त्याची गाडी तिथेच अडली होती. आता महिन्याभरात फेरपरीक्षा होती. तीही हुकली की वर्ष गेलं!

पण आता चिंता कसली? कॉलेजच्या समुपदेशक बाईंनी त्याच्या मोबाईलवर एक ॲप टाकून दिलं होतं. कॉलेजातलाच एक लाजाळू विद्यार्थी आपला सोबती. त्याच्याशी रोज पंधरा मिनिटं फोनवर बोलायचं. नावं गुप्त, आवाजही बदललेले, आणि दोघांचे शब्द ॲप मोजणार.

"रोज थोडं थोडं बोल, आपोआप भीड चेपेल," बाई म्हणाल्या होत्या.

पहिल्या दिवशी सोबती क्रमांक सतराशी पूर्ण पंधरा मिनिटं संभाषण झालं. म्हणजे इकडे हा गप्प, तिकडे तो गप्प. एकूण शब्द शून्य!

दुसऱ्या दिवशी आत्याने त्याला पाहिलं. "अरे, फोन कानाला लावून नुसता घाम काय गाळतोस? दे इकडे!"

आत्या दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. समोरचा आ वासून बसलेला, त्यामुळे दोन्ही बाजूंचं बोलणं एकटीने उरकायची तिला वीस वर्षांची सवय. पंधराव्या मिनिटाला ॲपने फोन तोडला, तेव्हा कुठे ती थांबली.

"सतरा नंबर भारी गप्पिष्ट आहे रे! पण काय ही आजकालची पोरं! या वयात गुडघे दुखतात त्याचे. मी म्हटलं, गरम पाण्याने शेक."

त्या दिवशीचे शब्द चार हजार! घुम्या हरखलाच. उद्यापासून आपणच बोलायचं, असं तो रोज ठरवायचा आणि रोज आत्या फोन हिसकावून घ्यायची. खरं सांगायचं तर हिसकावायला सोपा जाईल, असाच तो धरायचा.

तीन आठवड्यांनी बाई धावतच वर्गात आल्या.

"अरे, तुमची जोडी कॉलेजात पहिली! शुक्रवारी ॲप चालू ठेवून सभागृहात सगळ्यांसमोर गप्पा मारायच्या, घरच्यांनाही बोलावलंय. सर म्हणालेत, एक वाक्य जरी खणखणीत बोललास तरी तीच तोंडी परीक्षा धरतो!"

घुम्याच्या पायाखालची जमीन सरकली. तो बडबड्या सतरा नंबर आपलं पितळ उघडं पाडणार!

शुक्रवारी तीनशे डोळे रोखलेले. सतरा नंबर निघाली एक मुलगी, आणि तीही माईकपासून लांब पळू बघत होती. एक मिनिट गेलं, दोन गेली. सर घड्याळ बघू लागले. बाई खुणा करकरून दमल्या.

तिसऱ्या रांगेतल्या आत्याला काही ते सोसवेना. ती ताडकन उठली. "अरे, निदान गुडघ्यांचं तरी विचार तिला!"

मागून एक आजोबा काठी टेकत उभे राहिले. "गुडघे? अहो, गुडघे माझे दुखतात!"

"अगंबाई! म्हणजे शेकायला सांगितलं ते तुम्हाला?"

"आणि दाढ काढायच्या गोष्टी करणारं ते आगाऊ पोर तुम्ही होय? मी रोज म्हणायचो, याला अभ्यास नाही का! बाकी शेकाने आराम पडला बरं का!"

झालं! अख्ख्या सभागृहाच्या डोक्यावरून दोघांच्या गप्पा सुरू झाल्या. पोरं हसून लोळायला लागली. सर गरजले, "कोण आहेत या बाई?"

घुम्याने मुलीकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं. आणि काय झालं कोणास ठाऊक, दोघांनाही खुदकन हसू फुटलं. घुम्याने माईक ओढला. "ती माझी आत्या!"

"ते माझे आजोबा!" मुलगी म्हणाली.

सरांनी क्षणभर दोघांकडे पाहिलं आणि वहीत घुम्याच्या नावापुढे 'उत्तीर्ण' असं लिहिलं. बाईंचे डोळेच भरून आले. घुम्या आनंदाने उडायचाच बाकी होता!

तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. ॲपचा निरोप आला होता. "आजचे शब्द: सहा. कामगिरीत गंभीर घसरण! कृपया पूर्वीसारखं बोला."